एकदाच वाजलेली टेप

तीन वर्षांपूर्वी सुट्टीत तुम्ही दोघं टोरांटोहून इथे आला होतात, तेव्हा आजोबांच्या खोलीतल्या कपाटात एक चपटा पत्र्याचा डबा पाहिला होतात. त्यावर माझ्या अक्षरातली पिवळी चिठ्ठी आहे : 'अम्मा. हात लावू नये.' धाकटीने विचारलं होतं, "आजी, यात बिस्किटं आहेत का?" मी म्हटलं होतं, "यात माझी आई आहे. तिचं गाणं आहे. तुम्ही मोठे झालात की ऐकवू."

ते आता ऐकवता येणार नाही. डबा आहे, डब्यात टेपही आहे, पण तिच्यात आवाज उरलेला नाही. हे माझ्या हातून झालं. आजोबांनी केलं असेल असं तुमच्या मनात येईल, कारण त्या खोलीतल्या वस्तू तेच हाताळतात, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

मी हे इंग्रजीत लिहू शकले असते. सगळी नोकरी शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेली, आणि तुम्हालाही वाचायला सोपं गेलं असतं. दोनदा सुरुवात केली आणि दोन्हीदा कागद फाडले. इंग्रजीत लिहायला लागले की मी फार समजूतदार बाई होऊन बसते. म्हणून मराठीत लिहिते आहे. अडेल तिथे तुमची आई वाचून दाखवेल.

आमचं माहेरचं घराणं बेंगळुरात किती पिढ्या आहे ते कोणालाच नीट सांगता येत नाही. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. वडिलांना मी अण्णा म्हणायची, आईला अम्मा. अम्मा बोलायची मराठी, पण लिहायची कन्नड अक्षरांत. तिची गाण्यांची एक वही होती, शब्द सगळे मराठी आणि लिपी कन्नड. तुमचे आजोबा पुण्याचे, नोकरीसाठी इथल्या कारखान्यात आलेले. लग्नानंतर पहिल्यांदा ती वही त्यांच्या हातात पडली तेव्हा त्यांनी ती सुलटी पाहिली, उलटी पाहिली आणि विचारलं, "आई, ही भाषा कुठली?"

अम्मा म्हणाली, "तुमचीच की हो, जावईबापू. ओळखली नाहीत?"

शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावताना अम्मा एक गाणं म्हणायची. ते तिला तिच्या आजीकडून मिळालेलं. लक्ष्मी फाटकापाशी येऊन उभी आहे आणि घरातली बाई तिला सांगते आहे, घर झाडायचं राहिलंय, माझे हात पिठाचे आहेत, तरी तू ये, बाहेर थांबू नकोस. एवढंच गाणं. आमच्या घराबाहेर ते कोणाला येत असेल असं मला वाटत नाही. वहीत त्याचे शब्द आहेत. चाल वहीत नाही, चाल अम्माच्या गळ्यात होती. 'तरी तू ये' या शब्दांवर सूर वर चढता चढता मध्येच मागे वळून पाहतो आणि मग पुढे जातो. ते वळण मला लहानपणापासून कधी जमलं नाही. अम्मा म्हणायची, "तू घाई करतेस. तिला आत येऊ दे ना आधी."

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आजोबा कारखान्यातल्या मित्राचं स्पूलचं मशीन मागून माझ्या राजाजीनगरच्या माहेरी घेऊन आले. स्पूल म्हणजे कॅसेटच्या आधीची टेप, मोठ्या चकतीवर उघडी गुंडाळलेली. अम्माला पुढच्या खोलीत बसवलं, पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, शेजारच्या अक्कांना त्यांची शिलाई मशीन थोडा वेळ बंद ठेवायला सांगितलं. अम्माने ते गाणं म्हटलं. आजोबांनी चकती काढून डब्यात ठेवली. ती टेप त्या दिवशी वाजवली नाही. प्रत्येक वेळी वाजली की टेप थोडी झिजते, मित्राचं मशीन साधं आहे, चांगलं मशीन आलं की ऐकू, असं ठरलं.

पुढच्या वर्षी अम्मा गेली.

पहिली काही वर्षं माझीच हिंमत नव्हती. मग आजोबांनी चांगलं मशीन आणलं, पण त्याला शोभेल असा अॅम्प्लिफायर नव्हता. अॅम्प्लिफायर आला तेव्हा स्पीकर कमी पडले. स्पीकर आले तेव्हा खोली चुकीची निघाली. दर वेळी फक्त एकच गोष्ट उरलेली असायची.

तुम्ही ती खोली पाहिली आहे. कोरमंगलाला आम्ही घर बांधलं तेव्हा आजूबाजूला मोकळे प्लॉट होते. आता चारी बाजूंना मुलामुलींची पीजी, म्हणजे भाड्याची वसतिगृहं, आहेत, सकाळ-संध्याकाळ स्कूटरचे भोंगे, म्हणून आजोबांनी त्या खोलीला दुहेरी दार आणि जाड पडदे करून घेतले. आत खुर्ची एकच. त्या खोलीत आवाज जिथे नीट पोचतो अशी जागा एकच आहे, असं त्यांचं गणित. खुर्चीचे चार पाय कुठे टेकायचे त्याच्या खुणा फरशीवर आहेत. एकदा केर काढताना मी खुर्ची चार बोटं सरकवली, तर संध्याकाळी ते बाहेर येऊन म्हणाले, "आज डावीकडून काहीतरी कमी येतंय." दुसऱ्या दिवशी मी गुपचूप खुर्ची परत सरकवली आणि त्यांना बरं वाटलं.

रविवारी सकाळी त्यांचे दोन मित्र यायचे. तिघं आळीपाळीने त्या खुर्चीत बसत. एकच रेकॉर्ड लावायची, मिनिटभर ऐकायचं, उठायचं, मागची एक वायर बदलायची, पुन्हा तेच मिनिट. एका सकाळी मी कांदे चिरता चिरता मोजलं, एकाच तानेचा पहिला अर्धा भाग सतरा वेळा वाजला. ती तान पुढे कुठे जाते ते मला आजही माहीत नाही.

माझं गाणं स्वयंपाकघरात होतं. खिडकीत एक लहान रेडिओ, एरियल मोडलेली, तिच्या जागी विणायची सुई खोचलेली. फोडणी टाकली की गाणं थोडा वेळ बुडायचं आणि मग परत वर यायचं. आजोबा एकदा दारात उभे राहून म्हणाले, "हे तू ऐकतेस तरी कसं? यात खालचे सूरच नाहीत."

मी म्हटलं, "मला वरचे पुरतात. खालचे मी घालून घेते."

हे सगळं मी हसत लिहिते आहे, कारण इथपर्यंत ते हसण्यासारखंच होतं. 

दोन वर्षांपूर्वी माझा डावा कान गेला, आठ-दहा दिवसांत. मग उजवा कमी होऊ लागला. तुम्हाला फोनवर आम्ही 'आजीला जरा कमी ऐकू येतं' एवढंच सांगत होतो. मी शिक्षिका आहे. मी एक नवी वही घेतली. ज्या दिवशी जो आवाज ऐकू आला नाही, तो तारीख टाकून लिहायचा. कोकीळ. दूध वर येतानाची सळसळ. मोबाईलची बेल. शब्दांतला 'स'. समोरच्या पीजीतल्या मुलीचं हसणं. ती हसताना दिसायची. पानं भरत गेली. कानात घालायची यंत्रं घेतली. त्यांनी बोलणं कळतं, पण गाणं म्हणजे पत्र्याच्या डब्यात खडे टाकून हलवल्यासारखं येतं. रेडिओ मी बंद केला, आणि बंद केला हेसुद्धा वहीत लिहिलं.

कान तपासणाऱ्या डॉक्टरबाई प्रामाणिक होत्या. पुढे एक ऑपरेशन करता येईल असं म्हणाल्या. "त्याने बोलणं समजेल. माणसांशी संबंध तुटणार नाही."

"आणि गाणं?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "गाण्याबद्दल मी वचन देत नाही. पूर्वीसारखं नसतं ते."

"मग आत्ता आहे तेवढं किती दिवस टिकेल?"

"दिवस नाही सांगता येत. महिने म्हणा."

त्या दुपारी जेवताना मी आजोबांना म्हटलं, "अहो, टेप लावा."

मला सांगायचीही गरज पडली नाही कुठली ते. ते उठून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसले. "लावतो ना. हेड येऊ दे फक्त." हेड म्हणजे मशीनचा तो लहान तुकडा, ज्यावरून टेप घसरते आणि जो तिच्यातला आवाज उचलतो. त्यांच्या मशीनचं हेड झिजलं होतं. नवं त्यांनी जर्मनीहून मागवलं होतं. "झिजलेल्या हेडवर इतकी जुनी टेप चढवली तर सोलून निघेल. मग काहीच उरणार नाही. एवढी वर्षं थांबलीस, तीन आठवडे थांब."

"तीन आठवड्यांनी मला ऐकू आलं नाही तर?"

"येईल गं."

"हे तुमच्या कुठल्या मीटरवर दिसतं?"

ते ताटातला भात तसाच ठेवून उठले आणि पार्सल कुठे पोचलं ते कॉम्प्युटरवर बघत बसले. पार्सल देशात आलं होतं आणि कस्टममध्ये अडकलं होतं. तीन आठवडे गेले. पुन्हा तीन आठवडे गेले. ते दोनदा त्या कचेरीत जाऊन आले, एकदा एक कागद कमी पडला, एकदा साहेब रजेवर. मी रोज दुपारी डबा कपाटातून काढून मांडीवर घेऊन बसायची आणि परत ठेवायची. आत अम्मा होती आणि बाहेर मी होते, आणि मधला दरवाजा माझ्या बाजूने बंद होत चालला होता. रडून झालं. भांडूनही झालं. एकदा मी त्यांना म्हटलं, "तुम्हाला ती नीट ऐकायची आहे. मला फक्त ऐकायची आहे." ते म्हणाले, "मला तुलाच नीट ऐकवायची आहे." ते मनापासून म्हणत होते, हे मला तेव्हाही कळलं. त्याने माझा जीव शांत झाला नाही.

एका गुरुवारी सकाळी ते तिसऱ्यांदा पार्सलसाठी गेले. मी कुकर लावला आणि समोर उभी राहिले. वाफ वर गेलेली दिसली. शिट्टी थरथरून उचललेली दिसली. आवाज आला नाही. एवढ्या जवळून, कानात यंत्र असताना.

मी गॅस बंद केला, डबा कापडी पिशवीत घातला आणि रस्त्यावर येऊन ऑटो पकडली. ऑटोवाल्याने वाटेत तीनदा मागे वळून काहीतरी विचारलं. मी तीनदा "सरी, सरी", म्हणजे 'बरं, बरं', म्हटलं. राजाजीनगरला पोचलो तेव्हा कळलं, कुठल्या चौकात वळायचं असं तो विचारत होता. आम्ही दोन चौक पुढे आलो होतो. मी उतरून मागे चालत गेले.

आमच्या जुन्या घराच्या मागच्या गल्लीत रेडिओ दुरुस्तीचं एक दुकान होतं. रामनवमीच्या मांडवात लाउडस्पीकर त्या दुकानातले लागायचे. मी शाळेत असताना तिथला तरुण माणूस नारळाच्या झाडावर चढून भोंगे बांधायचा आणि आम्ही मुली कोसंबरीचे, म्हणजे भिजवलेल्या डाळीच्या कोशिंबिरीचे, द्रोण हातात घेऊन खालून बघायचो. ते दुकान अजून होतं आणि तो माणूसही होता, माझ्यासारखाच पांढरा झालेला. मोबाईलची कव्हरं आणि चार्जर पुढे टांगलेले, मागे अंधारात जुनी मशीनं. मी अण्णांचं नाव सांगितलं. "अक्का तुम्ही?" म्हणून त्यांनी स्टूल पुसून दिलं. ते कन्नडात बोलत होते, मी इथे मराठीत लिहिते आहे.

डबा उघडून त्यांनी टेप नाकाशी धरली. मग माझ्या नाकाशी धरली. लोणच्याच्या बरणीसारखा आंबट वास येत होता.

"अक्का, टेप आंबली आहे. एकदा वाजेल. दुसऱ्यांदा वाजेल असं मी म्हणणार नाही."

"एकदा पुरे."

"कोण आहे यात?"

"अम्मा."

त्यांना अम्मा आठवत होती. त्यांनी मागून मशीन काढलं, कापसाने आणि स्पिरिटने पुसलं, शटर अर्धं खाली ओढलं. मांडवातला प्लायवूडचा स्पीकर, ज्याच्या जाळीवर अजून वाळलेला शेंदूर होता, तो माझ्या बाजूला वळवून ठेवला. मग माझ्या कानाशी येऊन मोठ्याने म्हणाले, "फोन आहे ना तुमच्याकडे? फोनमध्ये घेऊ का? आता सगळे फोनमध्येच घेतात."

आणि मुलांनो, मी काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, "नको. फोनमध्ये नीट येत नाही."

मी विचार केला नाही. त्या घरात इतकी वर्षं राहून ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. फोन माझ्या पर्समध्ये होता, पर्स माझ्या मांडीवर होती.

त्यांनी दोन्ही हातांनी "सरी" अशी खूण केली आणि बटण दाबलं.

मी यंत्रं कानातून काढली आणि उजवा कान जाळीला लावला. सुरुवातीला नुसती घरघर. मी हाताने 'वाढवा' म्हणून सांगितलं. आणखी. आणखी. मग एका तरुण पुरुषाचा आवाज, "हॅलो, हॅलो, एक, दोन." तुमचे आजोबा. मग भांडं ठेवल्यासारखा आवाज. मग अम्मा म्हणाली, "म्हणू का आता?"

मला ऐकू आलं. त्या फाटक्या स्पीकरमधून तिचा आवाज पार आतून, विहिरीच्या तळातून आल्यासारखा आला, पण तिचाच होता. 'स' ऐकू आले नाहीत, ते मी घालून घेतले. पहिलं कडवं. दुसरं. लक्ष्मी फाटकापाशी आली. 'तरी तू ये' जवळ आलं आणि मी श्वास धरला, आणि सूर वर चढला, मागे वळला, आणि तिथे थांबला. मला कळलं की मी कुठे चुकते. ती तिथे थांबते. मी कधीच थांबत नव्हते.

तिसऱ्या कडव्यात टेप किंचाळायला लागली. दुकानदारांनी माझ्या खांद्याला हात लावून खाली दाखवलं. मशीनच्या पांढऱ्या पट्टीवर तपकिरी भुकटी पडत होती, चहापूड सांडल्यासारखी. त्यांनी बोट बटणावर ठेवलं आणि भुवया उंचावल्या. थांबवू? अजून अर्धी आहे. नवं हेड येईल, आजोबा काळजीपूर्वक वाजवतील, उरलेली अर्धी तुमच्यासाठी वाचेल. हे सगळं मला त्या क्षणी माहीत होतं. ते लपवण्यासाठी हे लिहीत नाही.

मी म्हटलं, "चालू द्या."

गाणं संपलं. मला वाटलं, झालं. पण टेप चालूच होती; त्या दिवशी गाण्यानंतर मशीन लगेच बंद केलं नसावं. अम्मा हसली आणि म्हणाली, "जावईबापू, आता मला ऐकवा की. मी कशी म्हणते ते मी कधी ऐकलंच नाही."

आजोबांचा आवाज : "आत्ता नको आई. हे मशीन साधं आहे. चांगलं आलं की नीट ऐकवतो."

"स्वल्पच ऐकवा. एक ओळ."

मग एका मुलीचा आवाज आला, चटपटीत, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीसारखा. "अम्मा, हट्ट करू नको. त्यांना त्यातलं कळतं."

तो माझा होता. 

आणि अम्मा म्हणाली, "सरी बाई, सरी. मी कुठं जाते आहे?"

त्यानंतर टेपचं टोक सुटून चकती नुसतीच फिरत राहिली. दुकानदारांनी ती हाताने थांबवली. शटरखालून एक फुलवाली वाकून आत बघत होती, कोण गातंय म्हणून. त्यांनी तिला काहीतरी सांगितलं. मला ऐकू आलं नाही. माझी यंत्रं मांडीवर होती.

मी घरी आले तेव्हा आजोबा आधीच आले होते. टेबलावर कात्री, कापलेला खोका आणि एका लहानशा डबीत, फोमच्या खाचेत, नवं हेड. मी दारातून आत आले आणि त्यांनी ती डबी मला दाखवायला उचलली. त्यांचा चेहरा मला विसरता येत नाही. इतका आनंद मी त्या चेहऱ्यावर तुमच्या आईच्या जन्मानंतर पाहिला नव्हता.

मी पिशवीतून पत्र्याचा डबा काढून त्यांच्यासमोर ठेवला आणि काय केलं ते सांगितलं.

ते आधी म्हणाले, "कुठल्या मशीनवर?" मग म्हणाले, "हेड पुसलं होतं का त्यांनी?" मग डबा उघडून बघितला आणि आतली भुकटी बोटाला लावून नुसते बघत राहिले.

मी म्हटलं, "अम्माने ऐकवा म्हणून सांगितलं होतं. आहे ते त्यात."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे?"

"म्हणजे काय? मी विसरेन?" ते माझ्या उजव्या कानाशी आले नाहीत, जिथे होते तिथूनच ओरडले, म्हणून मला नीट ऐकू आलं. "नीट ऐकवतो म्हणालो होतो मी त्यांना. शब्द दिला होता. त्या वाट न बघताच गेल्या. मग निदान तुला तरी नीट... इतकी वर्षं मी दुसरं काय करत होतो असं तुला वाटतं?"

मला जे वाटत होतं ते मी इथे लिहिणार नाही. मी त्यांना म्हटलं, "मीही होते त्यात. मीच तिला गप्प केलं."

ते खाली बसले.

तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी नवं हेड बसवलं. दोन दिवस लागले. मग दोन्ही दारं लावून ते त्या खुर्चीत बसले आणि टेप लावली. मी बाहेर उभी होते. दारावर हात ठेवला, लाकडात काहीच थरथरलं नाही. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले आणि त्यांनी पाटीवर लिहिलं. आता आम्ही घरात एक पाटी ठेवली आहे. 'नुसता वारा आहे.' मग ते पुसून लिहिलं, 'तेव्हा आई गायल्या तेही मी ऐकलं नव्हतं. मी मीटरची सुई बघत होतो.'

म्हणजे ते गाणं, त्याच्या त्या वळणासकट, आता फक्त माझ्याकडे आहे. मागच्या तपासणीत डॉक्टरबाईंनी कागदावरची माझ्या ऐकण्याची रेष दाखवली, ती पानाच्या तळाशी पोचायला आली आहे. माझा स्वतःचा आवाज मला आता घशातल्या कंपाएवढाच कळतो. मी वर गेले की खाली, ते मला सांगता येत नाही. ज्या बाईला ते गाणं येतं, तिला ते म्हटलेलं ऐकू येत नाही. रात्रंदिवस हाच विचार असतो.

आजोबांनी एक युक्ती काढली आहे. ते माझ्यासमोर बसतात आणि हवेत बोट धरतात. मी गायला लागले की बोट सांगतं : वर, आणखी वर, पुरे. सूर बरोबर लागला की ते मूठ मिटतात. अम्माचं गाणं त्यांना येत नाही, म्हणून ते वळण बरोबर आलं की नाही हे त्यांनाही कळत नाही. पण षड्ज माझा हलला तर लगेच कळतो. इतकी वर्षं ज्या कानाची मी थट्टा केली, त्या कानाला धरून मी आता चालते आहे. आणि त्या खोलीत आम्ही बसत नाही, स्वयंपाकघरात बसतो.

गेल्या रविवारी तुमच्या फोनवर मी ते पहिल्यांदा म्हटलं. तुमच्या आईने नंतर कळवलं की माझा आवाज सारखा तुटत होता. लांब धरलेला सूर म्हणजे काहीतरी गोंगाट आहे असं समजून फोन तो कापून टाकतो म्हणे. मला तेव्हा फक्त एवढं दिसलं की थोरला हात हलवून काहीतरी सांगतो आहे. आजोबांनी पाटीवर भराभर लिहिलं, 'आवाज तुटतोय. थांब. मी एक चांगला माइक मागव...' आणि तिथेच त्यांचा खडू थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. पाटी खाली ठेवली आणि बोट पुन्हा वर केलं.

मी पुढे म्हटलं. 'तरी तू ये'पाशी आले, वर गेले, वळले, आणि थांबले, अम्मा थांबली होती तेवढा वेळ. बरोबर झालं का, कोणाला विचारू? पडद्यावर धाकटीचे ओठ हलत होते.

मी आजोबांना विचारलं, "ती काय म्हणते आहे?"

त्यांनी लिहिलं, 'तुझ्या मागून गातेय.'

"सुरात?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"टोकू नका," मी म्हटलं, आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं.